सुरुंगाची भोकं मारायला मशीनवर माणूस हवाच का?

कातळकर: कुडाळ साईडला काळ्या दगडाच्या खाणीत सुपरवायझर आहे, सगळा माल क्रशरला जातो. माझं मत सरळ आहे, ड्रिलिंग माणसाच्या हातातून काढून घ्या. ऑस्ट्रेलियात पिलबाराच्या लोखंडाच्या खाणीत काही ड्रिल मशीनवर कोणी बसतच नाही, दीड हजार किलोमीटरवर पर्थमधे बसून लक्ष ठेवतात, मशीन जीपीएसवर भोकाच्या जागी जातं, लेव्हल होतं, ठरल्या खोलीला थांबतं. आणि आमच्याकडे पोरगा धुळीने पांढराफटक, तोंडाला पंचा, कानात काही नाही, भोक कुठे पडेल ते त्याच्या अंदाजावर. पुढच्या रांगेतलं भोक कडेच्या फार जवळ गेलं की दगड उडतो थेट कोणाच्यातरी कलमांच्या बागेत आणि संध्याकाळी अर्धा गाव ऑफिसात.

रत्नांग्रीकर७: पिलबारा कुठे नि आपली खाण कुठे दादा. तिथे मशीन दिवसरात्र चालतं. आपल्याकडे एका ब्लास्टला तीसचाळीस भोकं, हप्ता कोण भरणार? आणि आपला दगड एकसारखा आहे का, लाव्ह्याच्या दोन थरांमधे तो लाल मातकट पट्टा लागला की बिट, म्हणजे ड्रिलचं टोक, अडकलंच. जुना ड्रिलर आवाजावरून ओळखतो, वर येणारा चुरा लाल दिसला की लगेच रॉड वर घेतो.

कातळकर: अहो तेच तर मशीन मोजतं!! बिट किती वेगाने उतरतंय, फिरवायला किती जोर लागतोय, सगळं भोकागणिक लिहून ठेवतं. मग पट्टा जिथे आहे तिथे बारूद न भरता चुरा भरता येतो. तुमच्या ड्रिलरचं ज्ञान त्याच्या डोक्यातच राहतं, तो जेवायला गेला आणि भोकं भरणारा दुसराच, त्याला कोण सांगणार?

मालवणी माणूस: माझो बापूस वीस वर्सां जॅकहॅमर धरून होतो, आता चायचो कप धरलो तरी हात हलता. पण धूळ कमी करुक रोबोट कशाक होयो? पाणी मारून ड्रिल करा, डस्ट कलेक्टर लावा. ता स्वस्त आसा तरी मालक लावणत नाय. जो पाणी सोडणा नाय तो रोबोट हाडतलो?

कातळकर: लागलं हे. उत्तर नाही माझ्याकडे.

सुरुंगवाला: मी ब्लास्टर आहे, माझी भीती वेगळीच. न फुटलेली बारूद जुन्या भोकाच्या उरलेल्या बुडाशी, म्हणजे सॉकेटात, राहू शकते, म्हणून तिथे परत ड्रिल घालायचं नाही असा नियमच आहे, तरी मेहनत वाचवायला घालतात लोक. मशीन तो मोह करणार नाही हे खरं. पण नकाशात ते सॉकेट कोणी टाकलंच नसेल तर मशीन बिनधास्त तिथेच उतरणार, मग ब्लास्टनंतर चालत फिरून बघणारा माणूस लागतोच ना.

रत्नांग्रीकर७: चिरेखाणीत कापायचं मशीन आलं तेव्हा हाताने चिरा काढणाऱ्या आमच्या वाडीतल्यांचं काय झालं ते विसरलात वाटतं. मशीनवर कोणीतरी बाहेरचा आला, हे घरी.

कातळकर: म्हणून पूर्ण बिनमाणसाचं नकोच म्हणतो आता. रिमोटवाली ड्रिल येते, ऑपरेटर तोच आपला माणूस, फक्त धुळीपासून आणि बेंचच्या (खाणीतल्या पायरीच्या) कडेपासून लांब उभा राहून चालवणार. सेकंडहँड कुठे मिळते कोणाला माहितेय का?