मदत हवी आहे: कॉक्स-२ हे एन्झाइम दाह पेटवतं की विझवतं?

सेमिनारला आमवातातले (रूमेटॉइड आर्थ्रायटिस) लिपिड मध्यस्थ, म्हणजे पेशींना निरोप देणारे मेदरेणू, हा विषय हौसेने घेतला आणि आता अडकलेय.

इथपर्यंत जमलंय: फॉस्फोलिपेज ए२ पेशीपटलातून अ‍ॅराकिडोनिक आम्ल सोडवतं. पुढे दोन वाटा. कॉक्स एन्झाइमच्या (कॉक्स-२ हा त्याचाच प्रकार) वाटेने प्रोस्टाग्लँडिन ई२, म्हणजे सूज आणि ठणका. ५-लॉक्स या दुसऱ्या एन्झाइमच्या वाटेने ल्युकोट्राइन बी४, ते न्यूट्रोफिलांना (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) सांध्यात ओढून आणतं. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन बनणंच अडवतात, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं.

गोंधळ यापुढे. वाचलं की हेच ई२ नंतर न्यूट्रोफिलांना १५-लॉक्स बनवायला लावतं, मग लिपॉक्सिन ए४ हा दाह शमवणारा मेदरेणू तयार होतो आणि दाह ओसरतो. संधिवात आणलेल्या उंदरांत कॉक्स-२ रोखलं तर दाह रेंगाळला! मग वेदनाशामकांनी आजार लांबतो असं म्हणायचं का? मी आकृतीत ई२पासून दाह ओसरण्याकडे जाणारा बाणही दाखवलाय. आमचे सर म्हणाले, "तो उलटा बाण काढून टाक, परीक्षक छळतील." मला काढायचा नाहीये.

प्रतिसाद १
बाण ठेवा, पण सोबत वेळही दाखवा. एकच रेणू सुरुवातीला एक काम करतो, उतरणीला दुसरं.
उंदरांवरून थेट रुग्णांवर मात्र उडी मारू नका. तो दाह बऱ्याचदा आपसूक ओसरतो, आमवात ओसरत नाही. तिथे टीएनएफ आणि आयएल-१ ही दाह वाढवणारी प्रथिनं कॉक्स-२ला सतत चेतवत राहतात. कूर्चा झिजवतात एमएमपी एन्झाइमं, हाड कुरतडतात ऑस्टिओक्लास्ट पेशी. म्हणून वेदनाशामकाने ठणका थांबतो, झीज थांबत नाही. त्यासाठी मेथोट्रेक्सेटसारखी औषधं लागतात.
हे वाचून कुणी चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत.

प्रतिसाद २
अ‍ॅस्पिरिन विसरू नका. ते कॉक्स-२ला अ‍ॅसिटिल गट चिकटवतं. प्रोस्टाग्लँडिन थांबतं, पण एन्झाइम पुरतं मरत नाही: १५-आर-हेटे हा मधला रेणू बनवतं आणि शेजारच्या पेशीतलं ५-लॉक्स त्याचं १५-एपी-लिपॉक्सिन (लिपॉक्सिनचंच एक रूप) करतं. परीक्षकांना हेच दाखवा.

मूळ प्रश्नकर्ती
म्हणजे ५-लॉक्स दोन्हीकडून खेळतं! पूर्ण आकृतीच बदलावी लागणार. ५-लॉक्स अडवणारं झिल्यूटन हे औषध दम्यात वापरतात. आमवातात ते अडवलं तर लिपॉक्सिनही जाईल का?