मदत हवी आहे: उपचार पूर्ण होऊनही मलेरियाच्या किटवर फाल्सिपॅरमची रेघ

मुंबईत उपनगरातल्या एका छोट्या दवाखान्यात लॅब बघते. इथे मायक्रोस्कोप नाही. स्लाइड दुसरीकडे जाते आणि पावसाळ्यात रिपोर्ट यायला दुसरा दिवस उजाडतोच. तोवर भिस्त रॅपिड किटवर.

एका पेशंटला साधारण तीन आठवड्यांपूर्वी फाल्सिपॅरम (मलेरियाचा गंभीर प्रकार) निघाला होता. औषधांचा कोर्स पूर्ण, ताप उतरला. आता पुन्हा ताप आणि थंडी. किटवर कंट्रोलची रेघ ठसठशीत, पीएफची (फाल्सिपॅरम) फिकट, बोट आडवं धरून बघावी अशी. पीव्हीच्या (व्हायवॅक्स, मलेरियाचा दुसरा प्रकार) जागी काही नाही. किट एचआरपी-२ हे फाल्सिपॅरमचं प्रथिन ओळखणारं आहे. हे प्रथिन परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं, म्हणून फिकट रेघ जुन्या आजाराची असू शकते हे माहीत आहे. पण मुंबईत पावसाळ्यात नव्याने लागण व्हायला कितीसा वेळ लागतो?

मुदत, साठवण, बफरचे थेंब, वाचायची वेळ सगळं तपासलंय. दुसऱ्या लॉटचं किटही तेच सांगतं. पहिली जाड स्लाइड निगेटिव्ह, दुसरी पाठवली आहे. डेंग्यूची एनएस-१ चाचणी निगेटिव्ह. गरोदरपण नाही, धोक्याची लक्षणं नाहीत, डॉक्टरांनी तपासलंय. त्यामुळे 'मोठ्या हॉस्पिटलला पाठवा' हा सल्ला तूर्त नको.

अशा वेळी दुसऱ्या स्लाइडपर्यंत थांबता, की पीएलडीएचवर (परजीवी मेल्यावर लवकर नाहीसं होणारं त्याचं प्रथिन) चालणारं, फाल्सिपॅरमही ओळखणारं किट वापरता? आणि ते पालिकेच्या दवाखान्यांना मागणी करून मिळतं का?