मदत हवी आहे: शनिवारी पालकसभा, नर्सरीच्या मुलांची चित्रं लावायची आहेत, कागदच वाळेनात

नवी_बाई (मंगळवार, रात्री ९:४०)

नमस्कार. मी जूनपासून कोल्हापुरात एका नर्सरीत शिकवते. शनिवारी पालकसभा आहे आणि भिंतीवर प्रत्येक मुलाचं काहीतरी लागलं पाहिजे असं मोठ्या बाईंनी सांगितलंय. आज पोस्टर कलर दिले. एकानं बोट रंगात बुडवून थेट तोंडात घातलं. एक मुलगा हाताला रंग लागला की रडून आकाशपाताळ एक करतो. जे कागद झाले ते दोरीवर टांगले, तर पावसानं वाळलेच नाहीत, एकमेकांना चिकटून फाटले. चार दिवस उरलेत. नेमकं काय करून घेऊ ते लवकर सांगा. यूट्यूबवरचं सगळं बघून झालंय, लिंका नकोत.

रंकाळा_वारा

वय काय मुलांचं? किती मुलं? सोबत कोण असतं?

बावड्याची_आजी

अगं बाई, कागद वाळंना तर कागद कशाला? माती दे की पोरास्नी. बेंदराला मातीचे बैल करत्यात तसं. मी वीस वर्षं बालवाडी चालवली, पावसाळ्यात मातीच द्यायची. बापट कॅम्पात कुंभारांकडं मळलेली माती मिळती, एक घमेलं आणलंस तर आठवडा जातोय. रडणारं पोरगंसुद्धा मातीत हात घालतंय, बघ तू.

दोन_लेकरांचा_बाप

एवढी धावपळ कशाला? आउटलाइनच्या प्रिंट काढा, क्रेयॉननं रंगवून घ्या. राजारामपुरीत कुठंही झेरॉक्स होते. माझ्या मुलीच्या शाळेत हेच करतात, फाइल सुंदर दिसते.

नवी_बाई

वय नर्सरीचंच की. माती शक्य नाही, खोली पहिल्या मजल्यावर आहे आणि नळ खाली. प्रिंटचं मोठ्या बाईंनीच सुचवलंय, अठरा मोर आणून ठेवलेत. पण मुलं मोरावरून तीन रेघा मारतात आणि उठतात.

रंकाळा_वारा

ताई, काही ठिकाणी दोन वर्षांच्या मुलांनाही नर्सरी म्हणतात आणि काही ठिकाणी चार वर्षांच्या. या वयात सहा महिन्यांनी सगळंच बदलतं. साधारण दोन वर्षांचं मूल उभी-आडवी रेघोटी ओढतं, तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल जमतो, चौथ्याला अधिकचं चिन्ह, चौकोन त्याहून पुढं. त्यांनी मोराच्या रेषेच्या आत रंग भरावा ही अपेक्षाच चुकीची. म्हणून वय विचारलं.

नवी_बाई

अडीच ते साडेतीन. अठरा मुलं, मी आणि एक मावशी. दहा वाजता येतात, साडेबाराला जातात, मध्ये डबा. बजेट नाही, लागेल ते मीच आणते.

दोन_लेकरांचा_बाप

अहो पण पालक फी भरतात. भिंतीवर नुसत्या रेघोट्या दिसल्या तर विचारणारच की शिकवता काय. मोर ओळखू आला पाहिजे.

बावड्याची_आजी

मोर ओळखायचा तर बाजारातनं कॅलेंडर आणा. पोरानं काढलेलं पोराचं दिसलं पाहिजे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली. तिथं आसपासच्याच वस्तू होत्या, पानं, बिया, माती. महागाच्या वस्तूंशिवाय पोरं शिकत्यात हे त्यांनी दाखवलं, आणि ऐंशी वर्षांनी आपण झेरॉक्सच्या मागं लागतोय.

दोन_लेकरांचा_बाप

आजी, तेव्हाचे दिवस वेगळे होते. आता पहिलीत लिहिता आलं पाहिजे.

रंकाळा_वारा

लिहिता यायला बोटांत बळ लागतं, ते कागद फाडून, कणीक मळून येतं. अडीच वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं, तीन बोटांत धरायला त्याला वेळ लागतो.

स्वच्छ_घर

युनिफॉर्मवर पोस्टर कलर पडला तर लगेच थंड पाण्यात भिजवा, गरम पाणी घालू नका, डाग पक्का बसतो. नंतर साबण लावून चोळा. मी नेहमी असंच करते.

नवी_बाई

डागांचं विचारलं नव्हतं, पण बरं झालं. रंगाचं कुणीतरी सांगा. तोंडात जातात हीच भीती आहे.

मिरजेची_ताई

मी लहान मुलांसोबत थेरपीचं काम करते. आधी रंग. अर्धी वाटी कॉर्नफ्लॉवर दोन वाट्या पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, मंद आचेवर सतत ढवळत चकाकी येईपर्यंत शिजवा. थंड झालं की तीन वाट्यांत काढा. एकीत हळद, एकीत बीटचा रस, एकीत वाटलेला पालक. तोंडात गेलं तरी बिघडत नाही. रंग पोस्टरसारखे भडक होणार नाहीत आणि बीटचा रंग वाळल्यावर तपकिरीकडं झुकतो, हे आधीच धरून चाला. पावसाळी हवेत हे लवकर आंबतं, म्हणून रोज ताजं. हळद कपड्यावर राहते, वडिलांचे जुने शर्ट उलटे घालून मागं बटणं लावा.

आता रडणारा मुलगा. काही मुलांना हाताला चिकट, ओलं लागलेलं खरंच सहन होत नाही, तो हट्ट नसतो. त्याचा हात धरून रंगात बुडवू नका, आजीनी सांगितलेल्या मातीतही नको. झिप लावायच्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन चमचे रंग घालून तोंड चिकटपट्टीनं पक्कं बंद करा आणि ती टेबलाला चिकटवा. तो वरून बोट फिरवील, रंग हलेल, हात कोरडा राहील. शेजारी ओलं फडकं ठेवा, हवं तेव्हा हात पुसता येतो हे त्याला दिसलं पाहिजे.

बावड्याची_आजी

हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं एक पोरगी होती, वर्षभर पिठाला हात लावला नाही. मी तिला हट्टी समजले. अजून वाईट वाटतंय.

कोपऱ्यातला_दुकानदार

वाळायचा प्रश्न असेल तर रंगच टाळा. जुन्या लग्नपत्रिका गोळा करा, प्रत्येक घरात गठ्ठा असतो. पुठ्ठा जाड, पाणी पडलं तरी वळत नाही. मुलांना फाडू द्या, तुकडे खळीनं चिकटवा. खळ घरीच होते, मैदा पाण्यात शिजवायचा. टिकावी म्हणून चिमूटभर मोरचूद घाला, आमचे वडील बुकबाइंडिंगला घालायचे, किडा लागत नाही.

मिरजेची_ताई

मोरचूद अजिबात नको! ते विषारी आहे आणि ही मुलं खळ चाटणारच. दादा, वह्या-पुस्तकांसाठी ठीक असेल, अडीच वर्षांच्या मुलांसाठी नाही. रोज ताजी खळ करा, उरली तर टाका. रांगोळीचं कुणी सुचवील त्याआधीच सांगते, ती दगडाची पूड असते, डोळ्यात नाकात जाते. तांदळाचं पीठ वापरा.

कोपऱ्यातला_दुकानदार

बरोबर आहे ताई. ते डोक्यात आलंच नाही. मोरचूद सोडून बाकी वापरा.

गारगोटीकर

माझा मुलगा आठवीत आहे, एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसवायचं आहे. कोल्हापुरात चांगला क्लास कुठला? इथं जाणकार दिसतात म्हणून विचारलं.

रंकाळा_वारा

गारगोटीकर, वेगळा धागा काढा. पण मुलाला आधी टाउन हॉलच्या संग्रहालयात नेऊन आबालाल रहिमान यांची चित्रं दाखवा, मग राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात निसर्गचित्रं. आपल्या गावाला कलापूर का म्हणतात ते क्लासआधी कळू दे.

दोन_लेकरांचा_बाप

नर्सरीलाही तिथं न्या की सहलीला.

मिरजेची_ताई

अठरा मुलं, दोन मोठी माणसं आणि धो धो पाऊस. नको. पावसानं उघडीप दिली तर फार तर अंगणातली पानं गोळा करा. नवी_बाई, त्या अठरा मोरांचं काय करणार आहात?

नवी_बाई (बुधवार, रात्री १०:१५)

आता खरं सांगते. काल रात्री त्यातले सात मोर मीच रंगवले. नवऱ्यानं दोन रंगवले. सगळे सारखे दिसावेत म्हणून डाव्या हातानं, मुद्दाम बाहेर जात. सकाळी ते लावायला घेतले तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, माझं कुठलं?" मला सांगता आलं नाही. तेव्हापासून पोटात कालवतंय. मोठ्या बाईंना काय सांगू?

बावड्याची_आजी

अगं, पहिल्या वर्षी सगळ्याच करत्यात. ते मोर काढून ठेव. बाईंना सांग, पालक "माझ्या पोराचं कुठलं" विचारतील तेव्हा उत्तर पाहिजे. हे त्यांना पटंल.

रंकाळा_वारा

आजी बरोबर बोलतायत. लक्ष्मीपुरीतून ब्राउन पेपरचा रोल आणा, भिंतीच्या लांबीएवढा जमिनीवर पसरून कडा चिकटवा. जाड मेणाचे खडू द्या, वाळायची भानगड नाही. सहा-सहांचे तीन गट, बाकीच्यांना मावशी गाणी म्हणून दाखवतील. मूल रेघोट्या मारताना काय बोलतं ते त्याच्या शब्दांत शेजारी लिहून तारीख घाला. पालक ते वाचतील. "काय काढलंस" असं मात्र विचारत बसू नका, आपणहून बोललं तेवढंच लिहा.

दोन_लेकरांचा_बाप

शब्द लिहिणार असाल तर माझी हरकत मागे. ते मलाही वाचायला आवडेल.

नवी_बाई (रविवार, सकाळी ८:०५)

उशिरा लिहितेय, माफ करा. गुरुवारी ब्राउन पेपर, शुक्रवारी लग्नपत्रिका. फाडताना खोलीत जी शांतता झाली तशी जूनपासून झाली नव्हती. मोठ्या बाईंनी आधी नाही म्हटलं, मग आजींचं वाक्य सांगितल्यावर अर्धी भिंत दिली. उरलेल्या अर्ध्यावर बाईंनी छापील मोर तसेच लावले, न रंगवता.

पालक कागदापाशीच उभे होते. गोल गोल रेघांशेजारी "ही आमची म्हस, ती पंचगंगेत बसली" असं लिहिलं होतं. त्या मुलाचे वडील ते दोनदा वाचून फोटो काढून गेले. एक आई मात्र म्हणाली, पुढच्या वेळी नीट चित्र काढून घ्या. तिला काय सांगावं ते सुचलं नाही.

रडणाऱ्या मुलानं पहिल्या दिवशी पिशवीकडं पाहिलंही नाही. शुक्रवारी जाताना एकदा बोट दाबलं, पिवळा रंग सरकला, पुन्हा दाबलं. मग फडक्यानं हात पुसला, हात कोरडाच होता तरी.

मिरजेची ताई, आता पिशवी किती दिवस ठेवू? आतला रंग आंबट वास मारायला लागलाय.

मिरजेची_ताई

तोच रंग नको. आज टाकून द्या आणि सोमवारी नवी पिशवी भरा, पुन्हा पिवळाच. जागाही तीच ठेवा.