मदत हवी आहे: १:४३ स्केलच्या मॉडेल गाडीचे टायर बेसला चिकटलेत

मंडळी, माझ्याकडे जुन्या इटालियन रेसिंग गाड्यांची थोडी मॉडेल्स आहेत, अल्फा १५९, मासेराटी २५०एफ वगैरे, पण जीव अडकलाय तो लान्सिया डी५० मध्ये. २६ नंबरची, इटालियन रेसर आस्कारी १९५५ च्या मोनॅकोच्या शर्यतीत जिच्यासकट थेट बंदरात पडला ती (त्यातून वाचला आणि चारच दिवसांनी मोंझाच्या ट्रॅकवर फेरारी चालवताना गेला बिचारा). पुढच्या-मागच्या चाकांमध्ये दोन्ही बाजूंना पेट्रोलच्या टाक्या, असली गाडी दुसरी दाखवा!

तर झालंय असं की उन्हाळाभर कपाट उघडलंच नाही आणि काल बघतो तर टायर प्लॅस्टिकच्या बेसला चिकटलेत, जरा हलवलं तर खाली काळा चिकट डाग आणि एक टायर तर चपटाच झालाय. स्पोक इतके नाजूक आहेत की जोर लावायची हिंमत होत नाही.

कोणी असं चिकटलेलं मॉडेल सोडवलंय का? दोरा घालून कापत जाऊ की आधी फ्रीजमध्ये ठेवू? थिनर नका सांगू, रंग जाईल. आणि या साइजचे सुटे रबरी टायर पुण्या-मुंबईत कुठे मिळतात? बाकीच्यांच्या टायरखाली आत्ता काय घालू तेही सांगा प्लीज.