मदत हवी आहे: सुट्ट्या पैशांत आलेलं १९४७चं कॅनडाचं नाणं चांदीच्या भावाने देऊ का?

आम्ही बफलोला राहतो. नदीपलीकडे कॅनडाच, त्यामुळे इकडच्या सुट्ट्या पैशांत तिकडची नाणी येतातच, कोणी ढुंकूनही बघत नाही. परवा साठलेली चिल्लर दुकानातल्या नाणी मोजायच्या मशीनमध्ये ओतली, तर १० सेंटचं एक नाणं सारखं खाली परत येत होतं. घरी भिंगाखाली धरलं. एका बाजूला शिडाचं जहाज, साल १९४७ आणि सालाला लागून मेपलचं इवलंसं पान. दुसऱ्या बाजूला सहावा जॉर्ज, केस पार झिजलेले. चुंबकाला चिकटत नाही.

१९६६पर्यंतच्या या नाण्यांत ८०% चांदी असते एवढं कळलं, म्हणजे २.३३ ग्रॅममध्ये १.८६ ग्रॅम. इथला नाणेवाला चांदीच्या भावाने घेतो म्हणतोय. पण त्या पानाचे काही वेगळे पैसे मिळतात का? आणि नाणं काळवंडलंय, आई म्हणते पितांबरीने घासून लख्ख कर. करू का?

प्रतिसाद १
पितांबरी अजिबात नको! घासलेलं नाणं संग्राहकाला लगेच कळतं आणि भाव पडतो. काळं आहे तसंच राहू द्या.

पानाचा संबंध थेट आपल्याशी आहे. जॉर्जभोवतीची अक्षरं वाचा, शेवटी 'इंड इम्प' दिसेल, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं तशी ती पदवी नाण्यांवरून काढायची ठरली, पण नवे ठसे लंडनहून यायला उशीर झाला. इकडे नाण्यांची टंचाई. मग ओटावाच्या टांकसाळीने १९४८मध्ये १९४७चंच साल ठेवून, शेजारी पान टाकून नाणी पाडली. १० सेंटची अशी जवळपास ९६ लाख निघाली, त्यामुळे झिजलेल्याला चांदीपेक्षा फार काही मिळायचं नाही. १९४८ साल असलेली मात्र जेमतेम सव्वाचार लाख. तसं हाती लागलं तर चांदीच्या भावाला हो म्हणू नका.

धागाकर्ता
'इंड इम्प' आहे! पितांबरी रद्द, विक्रीही तूर्त रद्द. बरणीत १९६८चीही निघाली, काही चुंबकाला चिकटतात, काही नाहीत. हे काय?

प्रतिसाद २
त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चांदी बंद करून निकेल आणलं. चिकटतात ती निकेलची. न चिकटणाऱ्यांत ५०% चांदी, ती वेगळी काढून ठेवा. १९६७ची सगळीच ठेवा, त्यात काही ८०%, काही ५०% आहेत.