पायाची धमनी फुग्याने उघडण्याची घाई करावी का?

प्रश्न: वडिलांना मधुमेह आहे. शंभर पावलांतच पोटरीत गोळा येतो, थांबल्यावर ओसरतो. मांडीतील धमनी जांघेतून नळी घालून फुग्याने उघडावी, असे डॉक्टर म्हणतात. थांबता येईल का?

उत्तर १: जखम नसेल आणि बसल्या जागी पाय दुखत नसेल, तर सहसा आधी तंबाखू सोडणे, औषधे आणि दुखेपर्यंत चालून, थांबून पुन्हा चालणे सुचवतात. घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ किंवा कमी असल्यास अडथळा मानतात. मधुमेहात मात्र धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा निघू शकतो.

उत्तर २: आईच्या अंगठ्याची जखम काळी पडू लागली होती, त्यामुळे आम्हाला थांबता आले नाही. भूल जांघेपुरतीच होती.

उत्तर ३: ही पद्धत हृदयाआधी पायावरच वापरली गेली. १९६४ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे क्ष-किरणतज्ज्ञ डॉ. चार्ल्स डॉटर यांनी, फुगा नव्हे तर एकावर एक जाड नळ्या सरकवून, ८२ वर्षांच्या बाईंचा पाय वाचवला.