शाळेतली स्पीच थेरपी: मुलाला वर्गाबाहेर न्यायचं की थेरपिस्टने वर्गात यायचं?

थेरपिस्ट, धरमपेठ
थेरपिस्ट आठवड्यातून एक-दोनच दिवस येते अशा शाळांबद्दल लिहिते आहे. तिथला शिरस्ता ठरलेला: मुलाला रिसोर्स रूममध्ये (जादा मदतीच्या वेगळ्या खोलीत) न्यायचं, अर्धा तास चित्रकार्डं दाखवायची आणि परत सोडायचं. ज्यांची अडचण भाषेची आहे त्यांच्यासाठी हा शिरस्ता मोडावा, असं माझं ठाम मत आहे. खोलीत घडाघडा नावं सांगणारं मूल परिसर अभ्यासाच्या तासाला गप्प बसतं, कारण कार्डांवर आंबा-केळी असतात आणि पाठात बाष्पीभवन.

पुढच्या आठवड्याच्या पाठातले सहाच शब्द शिक्षकांकडून आधी मागून घ्या. प्रत्येक शब्द टाळ्या वाजवत तोडायचा, त्याला हाताची खूण द्यायची, रोजच्या जगण्यात तो दाखवायचा (मे महिन्यात कूलरची टाकी सारखी का भरावी लागते?) आणि शेवटी मुलाकडून त्यावर एक वाक्य घ्यायचं. मग पाठाच्या दिवशी वर्गात बसा. शिक्षकांनी एका वेळी एकच सूचना द्यावी. "वही काढा." थांबावं. "तारीख लिहा." प्रश्न विचारल्यावर मनात पाच अंक मोजावेत, तोवर दुसऱ्या मुलाला उत्तर विचारू नये. तो वेळ मिळाला नाही की मूल उत्तर शोधणंच सोडून देतं.

क्लिनिक, सीताबर्डी
ताई, भाषेपुरतं मान्य. पण उच्चाराचं काय? 'क'च्या जागी 'त' म्हणणाऱ्या मुलाला चाळीस जणांत, पंख्याच्या घरघरीत 'क' सापडणार नाही. आधी ऐकण्यातला फरक पक्का करावा लागतो: काप-ताप, गार-दार, मी म्हणेन त्या चित्रावर बोट ठेव. मग लाकडी पट्टीने जिभेचं टोक खालच्या दातांमागे अलगद धरून 'ता' म्हणायला सांगायचं. टोक अडलं की जिभेची मागची बाजू उठते आणि 'का' निघतो. तिथून का-की-कू, मग शब्द, मग वाक्य. पंचवीस मिनिटांच्या सत्रात शंभरेक वेळा म्हणून घेता येतं. वर्गात दहा वेळाही होत नाही, आणि चारचौघांसमोर तोंडात पट्टी घालणं मुलावर अन्याय आहे.

थेरपिस्ट, धरमपेठ
सर, आवाज खोलीत बसवा, पण वर्षभर खोलीतच ठेवू नका. शब्दांत दहापैकी आठ वेळा बरोबर आला की त्याच आठवड्यात बाहेर काढा. शिक्षकांना एकच शब्द द्या, उदाहरणार्थ 'कविता'. दिवसभरात फक्त तेवढ्यावर लक्ष ठेवायचं. बाकी चुकांवर टोकायचं नाही. मूल "तप" म्हणालं तर "हो, कप" एवढं म्हणून पुढे जायचं. हा पूल बांधलेला नसतो म्हणूनच आरशासमोरचा 'क' मधल्या सुट्टीत हरवतो.

शिक्षिका, दुसरी, महाल
तुम्ही दोघंही शिक्षक मोकळे आहेत असं धरून चालता जी. दर मंगळवारी गणिताच्याच तासाला मूल उचलून नेलं तर हातच्याची वजाबाकी त्याला कोण शिकवणार? तास आलटून-पालटून घ्या, आणि खेळाचा तास तर घेऊच नका. दुसरं, आमच्याकडची पोट्टी "शाया", "डोया" म्हणतात. हेही थेरपीला पाठवायचं का? वरून तसं सांगतात.

विशेष शिक्षक, कामठी
नाही ताई, अजिबात नाही. 'ळ'चा 'य' होणं ही वऱ्हाडी बोली आहे, दोष नाही. सोपी कसोटी: घरी आजी काय म्हणते? तीही "शाया" म्हणत असेल तर यादीतून नाव काढा. घरी हिंदी किंवा गोंडी असेल तर तपासणी दोन्ही भाषांत हवी. अडचण फक्त मराठीतच दिसली तर तो सरावाचा प्रश्न आहे. "घरी मराठीच बोला" हा सल्ला तर पालकांना कधीच देऊ नका. आईला जी भाषा नीट येते तीच मुलाला भरपूर मिळायला हवी.

आणि दिव्यांग प्रमाणपत्राची वाट बघू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण त्यातली वाचा व भाषा दिव्यांगता म्हणजे शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेली कायमची अडचण. 'क' चुकणारं मूल त्यात बसत नाही, तरी मदत त्याला लागतेच. आधी कानाची तपासणी मात्र करा. सर्दीनंतर कानात पाणी साचलं असेल तर सगळी मेहनत फुकट.

क्लिनिक, सीताबर्डी
बोलीचा मुद्दा शंभर टक्के पटला. वर्गातल्या थेरपीबद्दल माझी हरकत कायम आहे: तिथे मोजणी होत नाही. थेरपिस्ट हळूहळू मदतनीस बाई होते, फळा पुसते, वह्या वाटते, आणि सहा महिन्यांनी मूल कुठवर आलं हे कुणालाच सांगता येत नाही.

थेरपिस्ट, धरमपेठ
मोजणी वर्गातही होते. पहिल्या वीस मिनिटांत मूल आपणहून किती वेळा बोललं, विचारल्यावर किती वेळा, या दोनच रकान्यांत रेघा ओढायच्या. अडखळणाऱ्या मुलाबाबत तर मला खोलीपेक्षा वर्गच महत्त्वाचा वाटतो. त्याला "हळू बोल" म्हणायचं नाही, वाक्य पुरं करून द्यायचं नाही. हजेरीला हात वर केला तरी चालेल, हे साऱ्या वर्गासाठी ठरवायचं, नाहीतर तो वेगळा पडतो. कविता समूहाने म्हणवून घ्या; सुरात सूर मिळाला की बहुतेकांची अडखळ कमी होते.

शिक्षिका, दुसरी, महाल
हजेरीचं उद्यापासून करता येईल. सहा शब्दही देईन, पण शुक्रवारपर्यंत मागा. सोमवारी सकाळी दारात उभं राहून नको.